श्वास थांबल्यावर काय करायचं, तेही दाखवा

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
मा. सामाजिक न्याय मंत्री,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

विषय: महाविद्यालयांत दाखवल्या जाणाऱ्या व्यसनविरोधी चित्रफिती आणि त्यांत नसलेली ओव्हरडोसची माहिती

महोदय,

मी नाशिक जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते आणि राष्ट्रीय सेवा योजनेचं कामही पाहते. २६ जून जवळ आला की आमच्याकडे परिपत्रक येतं: अमली पदार्थविरोधी दिन साजरा करा, शपथ घ्या, फेरी काढा, जनजागृतीपर चित्रफीत दाखवा, फोटो अपलोड करा. यंदाही ते आलं आणि यंदाही आम्ही सगळं केलं. सभागृहाच्या खिडक्या झाकल्या, प्रोजेक्टर लावला, फिल्म दाखवली. चांगल्या घरातला मुलगा, वाईट संगत, अंधारी खोली, कागदावरची पूड, मग आईचा हंबरडा आणि हार घातलेला फोटो. शेवटी नशेला नाही म्हणण्याचं आवाहन.

ती पूड आणि तो हार यांच्यामध्ये बराच वेळ गेलेला असतो. कधी काही मिनिटं, कधी अर्धा तास, कधी दोन-तीन तासही. गर्द, हेरॉइन, कोडीनचं सिरप किंवा अफूच्या जातीच्या वेदनाशामक गोळ्या जास्त झालेला माणूस सहसा त्याच क्षणी जात नाही. आधी श्वास मंदावतो, मग अडखळतो, मग थांबतो. या वेळात शेजारी पुष्कळदा कोणीतरी असतं. मित्र असतो, खोलीतला सोबती असतो, दाराबाहेर आई असते. त्यांनी काय करायचं, हे मी पाहिलेल्या एकाही फिल्ममध्ये नाही. फिल्म तेवढा भाग वगळून थेट फोटोवर जाते. हे पत्र त्या वगळलेल्या वेळाबद्दल आहे.

माझा धाकटा भाऊ त्याच वेळात गेला. पुण्यात नोकरीला होता, गर्दच्या नादी लागला होता, व्यसनमुक्ती केंद्रात राहून बाहेर पडला होता. चांगला राहत होता. जेवायला लागला होता, अंग भरलं होतं, दिवाळीला घरी आला तेव्हा आईच्या हातचे अनारसे मोजून डब्यात भरून घेऊन गेला होता. मग एका रात्री पुन्हा घेतलं. जेवढं पूर्वी घ्यायचा तेवढंच.

त्या रात्री खोलीत दोघं होते. दोघांनीही नंतर मला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. तो घोरत होता. पण नेहमीचं घोरणं नव्हे. घशात घरघर, मध्येच लांब थांबा, मग एक ओढलेला श्वास. त्यांना वाटलं, झोपू दे, सकाळपर्यंत उतरेल. काही वेळानं एकाला ओठ निळसर दिसले. मग धावपळ झाली. थोबाडीत मारून पाहिलं, मिठाचं पाणी पाजायचा प्रयत्न केला, मोरीत नेऊन नळाखाली धरलं. एक म्हणाला १०८ ला फोन करू. दुसरा म्हणाला पोलीस येतील, आपण सगळेच आत जाऊ. शेवटी रिक्षात घालून नेलं. रुग्णालयात पोचले तेव्हा उशीर झाला होता.

त्या मुलांवर माझा राग नाही. रिक्षात एकानं त्याचं डोकं शेवटपर्यंत मांडीवर धरून ठेवलं होतं. दोघंही पदवीधर, दोघांनीही कॉलेजात असताना तुमची फिल्म पाहिलेली. बुडणाऱ्याला बाहेर काढल्यावर काय करायचं, भाजल्यावर काय करायचं, साप चावल्यावर काय करायचं नाही, हे त्यांना शाळेतल्या प्रथमोपचारात शिकवलेलं होतं. हे मात्र कोणी शिकवलं नव्हतं.

आता तक्रारी क्रमानं मांडते.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार फिल्मच्या आशयाबद्दल. भीती घालून मुलं नशेपासून लांब राहतात, असं गृहीत धरून या फिल्म बनतात. पण अमली पदार्थविषयक काम पाहणारं संयुक्त राष्ट्रांचं कार्यालय आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून प्रतिबंधाच्या कामासाठी जे आंतरराष्ट्रीय निकष प्रसिद्ध केले आहेत (त्यांची दुसरी आवृत्ती २०१८ ची), त्यांत नुसतं भाषण देणं, नुसती माहिती देणं आणि भीती घालणं या गोष्टी परिणाम न होणाऱ्या किंवा उलटा परिणाम होणाऱ्या पद्धतींत मोडतात. अमेरिकेनं १९९८ ते २००४ या काळात तरुणांसाठीच्या नशाविरोधी जाहिरातींवर सुमारे १ अब्ज डॉलर घातले. सरकारनंच मूल्यमापन करून घेतलं, तेव्हा गांजा ओढण्याचं प्रमाण त्या जाहिरातींनी कमी केल्याचा पुरावा मिळाला नाही. आपण तीच वाट धरली आहे. परिपत्रकाच्या खाली फोटो मागवले जातात. मुलांना फिल्ममधून काय कळलं, हे कोणीच विचारत नाही.

याउलट, एखादी कृती शिकवण्यासाठी फिल्म फार चांगलं साधन आहे. हृदय बंद पडल्यावर छाती कशी दाबायची हे घरबसल्या व्हिडिओ पाहून, सोबत सराव करून लोक जवळजवळ वर्गात शिकल्याइतकं शिकतात, असं अभ्यासांत दिसलेलं आहे. ब्रिटिश हार्ट फाउंडेशननं २०१२ मध्ये फुटबॉलपटू आणि नट विनी जोन्स याला घेऊन एक छोटी जाहिरात केली होती. पडलेल्या माणसाची छाती जोरात आणि भराभर दाबा, एवढंच तिच्यात होतं. ती पाहून आम्ही माणूस वाचवला, असं नंतर लोकांनी संस्थेला कळवलं. हात कुठे ठेवायचा, मान किती मागे करायची, कुशीवर कसं वळवायचं, हे भाषणात सांगून समजत नाही. डोळ्यांनी पाहावं लागतं. चित्रफितीचा खरा उपयोग इथे आहे आणि तोच आपण करत नाही.

काय दाखवायचं ते मी लिहून देते, कारण त्याला फार वेळ लागत नाही. माणूस हाक मारून, खांदा हलवून, छातीच्या मधल्या हाडावर मुठीची बोटं जोरानं घासूनही जागा होत नसेल, श्वास अगदी संथ किंवा थांबून थांबून येत असेल, घशात घरघर असेल, ओठ आणि नखं निळी पडली असतील, तर ती झोप नाही. आपल्यासारख्या सावळ्या रंगात निळेपणा पटकन दिसत नाही. ओठ राखाडी, फिकट दिसतात, हिरड्या आणि नखं पाहावी लागतात. हे परदेशातून आणलेल्या फिल्ममध्ये नीट कळणार नाही, म्हणून फिल्म इथली हवी. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक झालेल्या असतात. लगेच १०८. तोंडात काही अडकलं नाही ना ते बघायचं, डोकं मागे करून हनुवटी वर उचलायची, नाक चिमटीत धरून दर पाच सेकंदांना एक श्वास द्यायचा. श्वास सुरू असेल तर कुशीवर वळवायचं, म्हणजे उलटी घशात जाणार नाही. मिठाचं पाणी, लिंबू, ताक, दूध काही पाजायचं नाही. बेशुद्ध माणसाच्या तोंडात घातलेलं पाणी फुप्फुसात जातं. थंड पाण्याखाली धरायचं नाही, मारायचं नाही, चालवायचं नाही आणि एकट्याला सोडायचं नाही.

आणि नॅलोक्झोन. या औषधाचं नाव माझ्या वर्गातल्या एकाही विद्यार्थ्यानं ऐकलेलं नव्हतं. अफूच्या जातीची द्रव्यं मेंदूत जिथे चिकटून श्वास मंद करतात, तिथून त्यांना हे औषध हटवतं. दंडाच्या किंवा मांडीच्या स्नायूत दिलं तरी काही मिनिटांत श्वास परत येऊ शकतो. नाही आला तर दोन-तीन मिनिटांनी दुसरा डोस. त्याची नशा होत नाही. ज्याच्या अंगात अफूचा पदार्थ नाही, त्याला दिलं तरी सहसा अपाय होत नाही. अमेरिकेत १९७१ पासून त्याला मान्यता आहे आणि आपल्याही राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे. एक गोष्ट मात्र फिल्ममध्ये ठळक यायला हवी: त्याचा परिणाम साधारण अर्ध्या ते दीड तासात ओसरतो आणि अंगात नशेचा पदार्थ उरलेला असेल तर माणूस पुन्हा बेशुद्ध पडू शकतो. उठून बसला म्हणून घरी सोडायचं नाही, रुग्णालयात न्यायचंच.

दुसरी तक्रार: तुमच्या फिल्ममध्ये सगळे अमली पदार्थ एकच असतात. आपल्याकडे आज तरुणांच्या हातात एमडी (मेफेड्रोन हे उत्तेजक) आहे, मालेगावात कुत्ता गोळीचं (गुंगी आणणाऱ्या अल्प्राझोलामच्या गोळीचं) नाव लहान पोरांनाही ठाऊक आहे, खोकल्याच्या सिरपच्या बाटल्या मैदानांच्या कडेला सापडतात. एमडीवर नॅलोक्झोन चालत नाही. तिथे माणूस झोपत नाही, उलट तापतो. अंग भाजल्यासारखं गरम होतं, छातीत दुखतं, झटके येतात, तो घाबरून सैरभैर होतो. त्याला गर्दीतून बाजूला गार जागी न्यायचं, कपडे सैल करायचे, ओल्या फडक्यानं अंग पुसायचं, पालथा दाबून धरायचा नाही आणि १०८ ला फोन करायचा. कुत्ता गोळीवरही नॅलोक्झोनचा उपयोग नाही, पण गोळी आणि दारू, किंवा गोळी आणि सिरप एकत्र झालं तर श्वास बंद पडण्याचा धोका कितीतरी वाढतो. तिथे मदत येईपर्यंत श्वास देणं आणि कुशीवर वळवणं यानं जीव वाचू शकतो; सिरप कोडीनचं असेल तर नॅलोक्झोनही उपयोगी पडतं. मित्रानं काय घेतलंय हे माहीत नसेल तर काय करायचं, हाही एक प्रसंग फिल्ममध्ये हवा. प्रत्यक्षात बहुतेकांना तेच नक्की माहीत नसतं.

तिसरी तक्रार व्यसनमुक्ती केंद्रांबद्दल आहे आणि ती माझ्या घरातून आलेली आहे. भाऊ ज्या केंद्रात होता त्याचं नाव मी घेणार नाही. तिथल्या लोकांनी त्याला प्रेमानं वागवलं. घरी सोडताना आम्हाला समोर बसवून बरंच काही सांगितलं: दिनक्रम कसा असावा, पैसे हातात देऊ नका, जुने मित्र टाळा, पुढच्या भेटीची तारीख. एकच गोष्ट सांगितली नाही. इतके दिवस बंद राहिल्यावर शरीराची सवय उतरलेली असते आणि पूर्वीचा नेहमीचा डोस आता जीवघेणा ठरतो. वॉशिंग्टन राज्यातल्या तुरुंगातून सुटलेल्या लोकांचा एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांचा ओव्हरडोसनं मृत्यू होण्याचा धोका त्या राज्यातल्या इतर लोकांच्या १२९ पट निघाला. केंद्रातून बाहेर पडणाऱ्यालाही हाच धोका असतो. मी जीवशास्त्राची विद्यार्थिनी. सहनशीलता म्हणजे काय, ती कशी उतरते, हे मला पुस्तकातून येतं. आमच्या घरासाठी त्याचा अर्थ काय, हे सांगणारं कोणी हवं होतं. प्रत्येक केंद्रात, प्रत्येक कारागृहात, सुटण्याच्या आदल्या दिवशी त्या माणसाला आणि त्याच्या घरच्यांना एकत्र बसवून दहा मिनिटांची फिल्म दाखवणं कितीसं अवघड आहे?

चौथी तक्रार पोलिसांच्या भीतीची. रस्त्यावर अपघात झाला तर जखमीला मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १३४ अ चं संरक्षण आहे. ओव्हरडोस झालेल्या मित्रासाठी फोन करणाऱ्याला तसं संरक्षण नाही. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात स्वतःहून उपचाराला येणाऱ्या व्यसनी माणसासाठी कलम ६४ अ आहे. फोन करणाऱ्या मित्राला त्यात जागा नाही. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यानं फोन करणाऱ्याला संरक्षण देणारा कायदा २००७ मध्ये केला, कॅनडानं २०१७ मध्ये देशभर केला. केंद्राचा कायदा बदलणं तुमच्या एकट्याच्या हातात नाही, हे मला समजतं. पण ओव्हरडोसच्या फोनवर पोलिसांनी आधी जीव पाहावा आणि फोन करणाऱ्यावर स्वतःपुरत्या सेवनासाठी कारवाईची घाई करू नये, असं लेखी परिपत्रक गृह विभाग काढू शकतो. तुमच्या तिन्ही विभागांनी तशी मागणी करावी. नाहीतर फिल्ममध्ये १०८ चा आकडा कितीही मोठा दाखवला, तरी खोलीतला दुसरा मुलगा हात धरून थांबवणारच.

एक आक्षेप मला आत्ताच ऐकू येतो, कारण आमच्या स्टाफरूममध्येही तो आला: असं दाखवलं तर मुलांना वाटेल की वाचवणारं औषध आहे, घ्या बिनधास्त. नॅलोक्झोनचं प्रशिक्षण दिल्यावर नशा वाढली, असं अभ्यासांत आढळलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१४ मध्येच शिफारस केली आहे की ओव्हरडोस समोर घडण्याची शक्यता असलेल्या लोकांना, म्हणजे मित्र, नातेवाईक, कार्यकर्ते यांना, नॅलोक्झोन उपलब्ध असावं आणि ते द्यायला शिकवावं. शिकागोत एका संस्थेनं १९९६ पासून हे औषध थेट नशा करणाऱ्यांच्या हाती द्यायला सुरुवात केली. स्कॉटलंडनं २०११ मध्ये देशपातळीवर कार्यक्रम सुरू केला. लांब कशाला, मणिपूर आणि नागालँडमध्ये सुई घेणाऱ्यांसोबत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी याच इंजेक्शननं माणसं वाचवली आहेत. आणि माझ्या सभागृहात बसलेल्या मुलांपैकी बहुसंख्य मुलं कधीच गर्दला हात लावणार नाहीत. पण कधीतरी कोणाच्या तरी शेजारी ती असतील. फिल्म त्यांच्यासाठीही हवी.

हा प्रश्न मूठभर लोकांचा आहे, असंही कोणी म्हणू नये. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयानं दिल्लीच्या एम्सकडून करून घेतलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातल्या १० ते ७५ वयोगटातले २.०६ टक्के लोक, म्हणजे सुमारे २ कोटी २६ लाख, अफूजन्य पदार्थ घेत असल्याचं आढळलं. सुईनं नशा करणारे सुमारे साडेआठ लाख होते. हे तुमच्याच सरकारी कागदावरचे आकडे आहेत.

महाराष्ट्राला हे जमणार नाही, असं मला मुळीच वाटत नाही. फिल्म्स डिव्हिजन १९४८ पासून मुंबईत होती; सिनेमा सुरू होण्याआधी तिचे माहितीपट पाहत आमच्या आईवडिलांची पिढी वाढली. तंबाखूचं सेवन दिसणाऱ्या चित्रपटांसोबत तंबाखूविरोधी संदेश २०१२ च्या २ ऑक्टोबरपासून चित्रपटगृहांत सक्तीनं दाखवले जातात आणि २०२३ पासून तो नियम ओटीटीलाही लागू झाला. मुक्तांगणसारखं व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून इथे उभं आहे. गर्दमधून बाहेर आलेली, टर्की (नशा बंद केल्यावर अंगाला होणारा त्रास) सोसलेली, मित्र गमावलेली शेकडो माणसं या राज्यात आहेत. पटकथा लिहिताना त्यांना समोर बसवा. खोली कशी असते, कोण काय बोलतं, फोन करायला हात का धजत नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नाही.

माझ्या मागण्या अशा:

ओव्हरडोस ओळखणं आणि मदत पोचेपर्यंत जीव तगवणं यावर दहा मिनिटांच्या आतली फिल्म येत्या २६ जूनच्या आधी तयार करावी. मराठी, हिंदी आणि उर्दूत करावी, बोलणं साधं ठेवावं, हार घातलेला फोटो नको. आपत्कालीन वैद्यक आणि व्यसनोपचार यांतल्या डॉक्टरांनी ती तपासावी. कोणत्याही नेत्याचा संदेश तिच्या आरंभी घालू नये. मोबाइलवर पहिल्या काही सेकंदांतच मुलं पुढे सरकतात.

ती प्रत्येक महाविद्यालयात, वसतिगृहात, व्यसनमुक्ती केंद्रात आणि कारागृहात दाखवावी आणि दाखवल्यावर सराव घ्यावा. कुशीवर वळवणं आणि श्वास देणं मुलांनी हातानं करून पाहावं, त्यासाठीचा पुतळा तालुक्याला एक तरी असावा. अहवालात फोटोंऐवजी सराव किती जणांनी केला हे मागावं.

१०८ च्या किती रुग्णवाहिकांमध्ये आणि किती ग्रामीण रुग्णालयांमध्ये नॅलोक्झोन प्रत्यक्ष उपलब्ध आहे, ते जिल्हावार जाहीर करावं. व्यसनमुक्ती केंद्रातून घरी जाणाऱ्याच्या कुटुंबाला प्रशिक्षणासह हे औषध देता येईल का, यावर तज्ज्ञांची समिती नेमून तिचा निर्णय लोकांसमोर ठेवावा. आपल्याकडे ते मुख्यतः इंजेक्शनच्या रूपात मिळतं, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. घरच्यांच्या हातात द्यायचं तर नाकात मारायचा फवारा सोपा, त्याचाही विचार समितीनं करावा.

फोन करणाऱ्याला त्रास होणार नाही, असं पोलिसांसाठीचं परिपत्रक गृह विभागाकडून काढून घ्यावं आणि त्यातलं मुख्य वाक्य फिल्ममध्ये पोलिसाच्याच तोंडी द्यावं.

आमचं सभागृह, प्रोजेक्टर आणि राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं या फिल्मच्या पहिल्या चाचणीसाठी मी उपलब्ध करून देते. प्राचार्यांची परवानगी घेतलेली आहे. कच्चा मसुदा असला तरी चालेल. मुलांना कुठे कळत नाही ते त्याच दिवशी लिहून पाठवू. उत्तर लेखी आणि जाहीर द्यावं, कारण हे पत्र वाचणाऱ्यांत माझ्या भावासोबत त्या रात्री असलेली दोन मुलंही आहेत.

आपली,
प्राणिशास्त्राची एक प्राध्यापिका,
नाशिक जिल्हा